लोहाराच्या अंगणातला खो

फार पूर्वी एका गावात एक लोहार राहत होता. त्याच्या घराच्या एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची. जत्रेत पालखी आधी कुणाच्या दारी थांबावी, यावरून दोन्ही आळ्यांचं इतकं बिनसलं होतं की त्यांनी एकमेकांचं तोंड पाहणंही सोडलं होतं. लोहाराचा जीव मात्र दोन्हीकडे गुंतलेला.

त्याने आपल्या अंगणात दोन खांब रोवले आणि खो-खोचं मंडळ काढलं. संघाला नऊ गडी हवेत आणि एका आळीत तेवढे मिळेनात. दोन्हीकडचे आले खरे, पण अडून बसले. "आम्ही त्यांची तोंडं बघणार नाही!"

"नका बघू," लोहार हसला. "आपल्या खेळात तशी सोयच आहे."

त्याने वरच्या आळीचा एक, खालच्या आळीचा एक असे सगळे एका ओळीत बसवले. वरच्यांची तोंडं उगवतीला, खालच्यांची मावळतीला. सगळे खूश.

खेळ सुरू झाला तेव्हा खरी गंमत कळली. मधली ओळ ओलांडायची नाही, आणि आपल्याकडे ज्याची पाठ असेल त्यालाच खो द्यायचा. वरच्या आळीच्या गड्यापुढे पाठ यायची ती नेमकी खालच्या आळीची! मग हे पठ्ठे खांबाला वळसा घालून पलीकडे जात आणि आपल्याच माणसाला खो देत. तोवर पळणारा पार लांब. येणारे-जाणारे पोट धरून हसत.

"जत्रेतल्या सामन्यात असंच खेळलात, तर खांब उपटून भट्टीत घालीन. मंडळ बंद!" लोहाराने बजावलं आणि पाठ फिरवून गुपचूप डोळे पुसले.

जत्रेत शेजारच्या गावाचा शेवटचा गडी उरला. तो बाद झाला की सामना आपला. वरच्या आळीचा गवळी त्याच्यामागे लागला होता. एवढ्यात तो गडी ओळीतून पलीकडे निसटला. गवळ्यापुढे खालच्या आळीच्या तेल्याची पाठ होती आणि खांब लांब होता. गवळी घुटमळला. लोहाराने डोळेच मिटून घेतले.

"खो!"

तेली उठला, झेपावला आणि गडी बाद!

"काय रे, इतक्या वर्षांनी बोललास माझ्याशी?" तेली धापा टाकत म्हणाला.

"बोललो कुठं? नुसता खो दिला," गवळी म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "थाप जोरात बसली. पाठ दुखली नाही ना?"

पुढे मंडळात पोरं आली, पोरी आल्या, लोहाराचं अंगण पुरेना. पुढच्या जत्रेत पालखी आधी कुणाच्या दारी, हे कुणी विचारलंच नाही. दोन्ही आळ्यांनी मिळून ती त्या दोन खांबांपाशी थांबवली, आणि लोहार खुशाल सगळ्यांदेखत रडला.

तात्पर्य: मनं जुळायची वाट बघत बसू नये, आधी एका ओळीत बसावं, मनं मागून येतात.