थंड भट्टीचे काल्टोफेन

ही आमच्या आशग्रुंड गावाची पावाची भट्टी. जरा वाकून आत पाहा, घुमट काळाभोर झाला आहे. शेजारच्या घरावर पाटी आहे, काल्टोफेन. आमच्या जर्मन भाषेत त्याचा अर्थ 'थंड भट्टी'. पिढ्यान्‌पिढ्या भट्टी सांभाळणाऱ्यांना हे असलं आडनाव कसं, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. मी त्याच घरातली मुलगी. आजोबांकडून ऐकलं तसं सांगते.

सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा साध्या माणसांना आडनावं नसत. भट्टीवाला फाइट आणि त्याची बायको गेरलिंट, एवढीच त्यांची ओळख. त्या वर्षी दोन सरदारांचं वैर पेटलं होतं. शत्रूचे शिपाई गावोगाव कोठारं उपसत, घरातल्या जमिनी खणून धान्य काढत. आमच्या गावात बियाण्यापुरतीच राय उरली होती. राय म्हणजे आमच्या काळ्या पावाचं धान्य. ती गेली असती, तर वसंतात पेरायला दाणा नव्हता.

गावच्या धर्मगुरूंनी घरोघरचं बियाणं गोळा केलं. कुठे ठेवलं ते कुणी विचारायचं नाही, असं ठरलं. गेरलिंटने भट्टीच्या आत दगडमातीची आडवी भिंत घातली म्हणे. भिंतीमागे पोती, पुढे राख. भिंतीला तिने हातांनी काजळी फासली. हे धर्मगुरू, फाइट आणि गेरलिंट या तिघांनाच ठाऊक होतं.

थंडीच्या तोंडावर शिपाई आले, ते लुटीचं पीठ घेऊनच. संध्याकाळपर्यंत पाव भाजून दे, असा त्यांच्या नायकाने हुकूम सोडला. भाजलेलं बी उगवत नाही. घुमटाला तडा गेलाय, भट्टी तापणार नाही, असं फाइटने सांगितलं. नायकाने वाकून पाहिलं. तडा कुठेच नव्हता.

तो म्हणाला, "भट्टी पेटव, नाहीतर तुझं घर पेटेल."

फाइटने बायकोकडे पाहिलं. ती घरात गेली, तान्ह्या मुलीचा पाळणा उचलून बाहेर आणला आणि अंगणापलीकडे गवतावर ठेवला. मग फाइट म्हणाला, "भट्टी थंडच राहील."

घर जळालं. भट्टी चालवू शकणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून रागाच्या भरात शिपायांनी गावाची गुरंही हाकून नेली. गाव हळहळलं, मग चिडलं. चार पाव भाजले असते तर काय बिघडलं असतं, असं लोक तोंडावर विचारू लागले. फाइट दिसला की 'थंड भट्टी' म्हणत आणि थुंकत. शिपायांचा तळ खोऱ्यातच होता, त्यामुळे नवरा-बायकोने तोंड उघडलं नाही. सगळा हिवाळा त्यांनी शेळ्यांच्या गोठ्यात काढला.

बर्फ वितळलं, तळ हलला. फाइटने गावासमोर भिंत फोडली आणि ज्याचं पोतं त्याच्या हाती दिलं. त्या दिवशी कुणाला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही, असं म्हणतात.

पुढे काही वर्षांनी मठाचा लेखनिक गावकऱ्यांची आडनावं लिहायला आला. यांना 'बीजरक्षक' लिहा, असं म्हाताऱ्यांनी सुचवलं. गेरलिंट पुढे झाली.

"ते नको. थंड भट्टीच लिहा. घर गेलं ते तिच्यासाठी, शिव्या खाल्ल्या त्याही तिच्यासाठी. आमच्या पोरांना हे नाव पुरेल."

आजही आशग्रुंडमध्ये पेरणीची पहिली मूठ काल्टोफेन घरातलं माणूस टाकतं. तोवर बांधाबांधावर ट्रॅक्टर थांबलेले असतात. मला भाऊ नव्हता. आपल्यानंतर नाव बुडणार, ही वडिलांची धास्ती होती. माझ्या नवऱ्याने, ल्युडरने, लग्नाच्या नोंदणीत स्वतःचं आडनाव सोडून हे घेतलं. आमच्याकडे मान द्यायला डोक्यावरची टोपी काढतात. त्या वसंतात पहिली मूठ त्याने टाकली, तेव्हा शेतावरच्या एकाही माणसाच्या डोक्यावर टोपी नव्हती.