राणूमायचा कौल

"आणि त्यानं पुन्हा कुणाला मारलं तर? तेव्हा लोकांना मी काय सांगायचं, माय?"

राणूमाय मठाच्या ओसरीवर बसून ज्वारी निवडत होती.

समोर बसलेले त्र्यंबकराव दिघे, सोनखळ संस्थानाचे न्यायाधीश, अजून धापा टाकत होते. डोंगर चढून आल्यामुळे, असं ते स्वतःला सांगत होते. खरं कारण खिंड होती. बरोबर शिपाई असूनही खिंड ओलांडताना ते सारखे मागे वळून बघत आले होते. वाटेतल्या वाडीत भर दुपारी दारं लावलेली. एका फटीतून कुणीतरी डोकावलं, आणि ती फटही बंद झाली.

खिंडीत माणसं मरत होती. आधी एक कासार आणि त्याची बायको. मग टपाल नेणारा गडी. मग रेवा.

रेवा मायची शिष्या. तान्ही असताना कुणीतरी मठाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. मायनंच तिला वाढवलं. महिन्यापूर्वी वाडीत एक बाळंतीण अडली म्हणून औषध घेऊन खाली उतरली, ती परत आली नाही.

"थोरल्या राजेसाहेबांनी फाशी बंद केली ती तुझ्या शब्दावर," त्र्यंबकराव म्हणाले. "तो हुकूम मी माझ्या हातानं लिहिला. तेव्हा मी तरणाबांड होतो, तुझा लाडका शिष्य. वाटलं होतं, आपण केवढं मोठं काम केलं..."

माय खडे वेचत राहिली.

"आता लोक वाड्यासमोर येऊन बसलेत. फाशी परत आणा म्हणतात. धाकट्या राजांनी दरबारात सांगून टाकलं, माय म्हणेल तसं होईल. हो म्हणाली तर उद्या हुकूम निघेल. नाही म्हणाली तर हा विषय पुन्हा निघायचा नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, माय."

"ते ठाऊक आहे मला. तुला वाटतं काय?"

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. घरून बांधून आणलेला एकही मुद्दा जिभेवर येईना.

"भीती वाटते," ते शेवटी म्हणाले.

"कुणाची?"

"त्याची. तो कुठंही असेल. येताना प्रत्येक झुडपामागं मला तोच दिसत होता."

मायनं सूप खाली ठेवलं. ओसरीच्या टोकाला धान्याची खोली होती. तिकडे तिनं मान वळवली.

"तो तिथं आहे."

...

त्र्यंबकरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांना खोलीच्या दारावरचं कुलूप दिसलं. मठात कधी कुठल्याच दाराला त्यांनी कुलूप पाहिलं नव्हतं.

आत कुणीतरी खोकलं.

ते उठून उभे राहिले. शिपाई खाली, पहिल्या दरवाजापाशी थांबलेले. त्यांना तिथं थांबवणारे ते स्वतःच.

"परवा सकाळी लंगडत आला," माय सांगू लागली. "पाय मुरगळला होता. पाणी मागितलं, मी दिलं. अंगावर घोंगडं होतं. त्याच्या काठाला माझे टाके होते, त्र्यंबका. थंडी सुरू व्हायच्या आधी रेवाला घालून दिलेले."

"मग?"

"मी म्हटलं, दमलास, आत जाऊन पड."

"आणि कुलूप घातलंस. मग खाली निरोप का नाही पाठवलास?"

"कुणाबरोबर पाठवू? इथं एक रेवाच होती."

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. मग हात पुढे केला. "किल्ली दे. मी शिपायांना बोलावतो."

"किल्ली विहिरीत टाकली."

"बरं केलंस. तो बाहेर आला असता तर..."

"तो बाहेर येऊ नये म्हणून नाही टाकली."

वारा पडला होता. आतला माणूसही ऐकत असावा. खोकला थांबला होता.

"मी आत जाऊ नये म्हणून टाकली."

त्र्यंबकरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"खिडकीतून भाकरी देते त्याला," माय म्हणाली. आवाज नेहमीचाच, प्रवचनात असायचा तसा. "काल भाकरीबरोबर विळा नेला होता. का नेला, ते खिडकीशी पोचेपर्यंत मला कळलं नाही. तो भिंतीला टेकून झोपला होता. गजांतून माझा हात त्याच्या मानेपर्यंत पोचत नाही."

तिनं मांडीवरचा भुसा झटकला.

"पोचतो का, ते मी पाहिलं."

त्र्यंबकराव नकळत एक पाऊल मागे सरले. खिंडीत वाटली होती त्याहून ही भीती वेगळी होती. याच हातांनी त्यांना लहानपणी ताप आला असताना पेज भरवली होती.

त्यांनी ओसरीच्या कडेला जाऊन शिपायांना हाक मारली. ते धावत वर आले. पहार घालून कुलूप तोडायला वेळ लागला. प्रत्येक घावाला माय डोळे मिटत होती. तिनं दोन्ही हातांनी खांब धरला होता.

"त्र्यंबका, इकडे ये," ती म्हणाली. "मला धर."

त्यांनी तिची मनगटं धरली.

दार उघडलं. किडकिडीत, गालफडं बसलेला एक माणूस उजेडात डोळे किलकिले करत बाहेर आला. खिंडीतले ते सगळे मुडदे यानं पाडले असतील, असं त्याच्याकडे पाहून वाटेना. त्यानं शिपायांकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं. मग मायकडे पाहिलं, आणि मुरगळलेला पाय ओढत शिपायाच्या पाठीमागं लपला.

"मला हिच्यापासून लांब न्या," तो म्हणाला. "कुठंही न्या."

घोंगडं अजून त्याच्या अंगावर होतं.

मायनं मनगटांना हिसका दिला. म्हाताऱ्या बाईच्या अंगात एवढा जोर असेल असं त्र्यंबकरावांना वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की आपलीच बोटं सैल होतायत. तिच्या जोरानं नव्हे... आपली आपणच.

त्यांनी बोटं पुन्हा आवळली, आणि शिपाई त्या माणसाला घेऊन वळणाआड जाईपर्यंत तिला सोडलं नाही.

मग दोघंही ओसरीवर बसले. मायच्या मनगटांवर वळ उठले होते. ते ती पदराखाली झाकत होती.

त्र्यंबकराव उन्हाकडे बघून म्हणाले, "मला निघायला हवं. दिवस असताना खिंड ओलांडायची आहे."

"नीघ."

"पण उद्या दरबारात काय सांगू, माय? सगळे तुझ्या शब्दाची वाट बघतायत. राजे विचारतील, मायनं काय कौल दिला..."

माय धान्याच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत होती.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "मायला विचारू नका. ती हो म्हणेल."