ओंडक्याची उतरण

गाडी इथंच उभी करा आणि जरा पायउतार व्हा. हा कातळ बघा. माथ्यापासून तळापर्यंत चर पडलाय ना? शिकलेली माणसं म्हणतात, पाण्यानं पडला. पाण्यानं कसला, डोंबल! ओंडक्यानं पडलाय तो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा वरचं धान्य बैलांच्या पाठीवरून खाली कोकणात जायचं. इथल्या म्हाळू सुतारानं पहिली गाडी केली म्हणे. चाकं अशी, की बोट लावलं तरी फिरावीत. पण उतारावर ती आवरायची कशी? त्यासाठी त्यानं सोळा खुंट्या आणि कातड्याचे पट्टे बसवले. कुठली खुंटी कधी ठोकायची, ते त्याचं त्यालाच ठाऊक. लोक हसले. "बैलांच्या पाठीवर बरं चाललंय की, म्हाळूदा!" दहा वर्षं गाडी चिंचेखाली पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

मग गुरांवर रोग आला. ओझ्याचे बैल पटापट गेले, गावात धडधाकट अशी एकच जोडी उरली. त्याच साली खाली भातं बुडाली. म्हाळूची लेक तानी तळाच्या गावात दिलेली. तिचा निरोप आला: बाळंत होऊन नऊ दिवस झाले, घरात दाणा नाही, बाळाला दूध पुरत नाही.

आणि म्हाळूनं काय करावं? सतरावी खुंटी तासायला बसला! गुणी माणूस हो, पण खुळा. तेवढ्यात त्याची बायको ठकाई रानातून आली, दोरानं जाड फांदी ओढत. नवऱ्याला बघून तिचं डोकंच फिरलं.

"अहो, पुरे त्या खुंट्या! पोर तिकडं मरायला टेकलीय. ही फांदी मागं बांधली की उतारावर मला धावता येत नाही. गाडीला तरी कसं येईल? बांधा मागं ओंडका!"

"एवढंच?"

"एवढंच."

म्हाळू खाली मान घालून उठला. गाडीत नाचणी भरली, मागं ओंडका बांधला, बैल जुंपले. सकाळचं दाट धुकं होतं. ठकाई इथंच उभी राहिली. दहा पावलांवर गाडी धुक्यात विरघळली, मागं राहिला नुसता ओंडक्याचा आवाज, कण्हल्यासारखा. असं सांगतात, की डोंगराला वाटलं, कुणी माहेरवाशीण रडतेय. त्यानं हळूच आपली पाठ खाली केली. मग आवाज थांबला. गाडी पोचली की कोसळली, ठकाईला कळेना. तिचा जीव टांगणीला लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून तानीचा बारीक आवाज आला, "आई, पोचलं गं!"

त्या महिन्यात घाटावरच्या गावागावांत गाड्या झाल्या. शिकवावं कुणालाच लागलं नाही, ओंडका काय, पोरंही बांधतील. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथं उलटंच झालं. पण मी सांगतो, हाच ओंडका बैल होते तेव्हा सुचला असता, तर त्यालाही हसले असते. तुम्ही कंप्युटरवाले ना? मग तुम्हाला कळेल.

आजही खाली उतरलेला माणूस वर तोंड करून ओरडतो, "आई, पोचलं गं!" ट्रकवालेसुद्धा. खिशात फोन असतो, तरी ओरडतात. तुम्हीही ओरडा. ऐकू येईपर्यंत इथून कुणी हलत नाही, आणि मला जरा कमी ऐकू येतं.