पट्टीची माया

फार वर्षांपूर्वी तुकोजी रंगाऱ्याच्या पिशवीत जुना रंग खरवडायची एक लोखंडी पट्टी राहत असे. ती दिसली की भिंती रडू लागत आणि मागून ब्रश आला की हसू लागत. पट्टीशी कधी कुणी गोड बोललंच नव्हतं.

एकदा तुकोजी द्वारकाबाईंच्या घरी कामाला गेला. बाहेरच्या भिंतीवरच्या निळ्या रंगाला पोपडे आले होते. पट्टी पाहून भिंत कळवळली, "अगं, नको ना खरवडूस! फार दुखतं."

पट्टीला वाटलं, एकदा तरी आपण कुणाला आवडावं. ती पोपड्यांवरून नुसती अलगद घसरत राहिली.

"किती मायाळू आहेस गं!" भिंत म्हणाली. पट्टी दिवसभर त्या शब्दांत हरवून गेली.

ब्रशने वर पिवळा रंग दिला. पण पावसाळा सरेपर्यंत पोपड्यांसकट तोही गळून पडला. "तुकोजी, ही काय दशा झाली हो?" द्वारकाबाई म्हणाल्या. तुकोजीने मान खाली घालून पुन्हा पट्टी उचलली.

"मला कळत नव्हतं," भिंत म्हणाली, "पण तुला तर कळत होतं ना?"

या वेळी पट्टीने पार गिलाव्यापर्यंत खरवडलं. भिंतीने शिव्या दिल्या, तरी ती थांबली नाही.

त्यावर दिलेला रंग वर्षानुवर्षं टिकला. एकदा तुकोजी त्याच वाटेने चालला होता. भिंतीने ब्रशला हाक मारून ख्यालीखुशाली विचारली. पट्टीला तिने ओळखलंही नाही.

पट्टीने मात्र भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. कुठेही पोपडा नव्हता.