पाठीवरचा चौक

त्या राज्यात उंदीर राहत, आणि ज्याच्या दारात हत्ती नाही त्याला कुणी उंदरात धरत नसे.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक चर होता आणि त्यातून एक लांबलचक गोम येजा करायची. जायचं असेल त्यानं तिच्या पाठीवर उडी मारावी, वाटेल तिथं उतरावं. चौकात चिंचेला पार होता. म्हाताऱ्यांनी तिथं सुनांची उणीदुणी काढावी, पोरांनी धुडगूस घालावा, असं चाललेलं. मग कुणीतरी पहिला हत्ती आणला. त्यावर बसलेला उंदीर खालून दिसतसुद्धा नव्हता. पण हत्ती दिसत होता ना! झालं. घरोघरी हत्ती आले. पायांत येते म्हणून गोमेला हाकललं. रस्ता पुरेना म्हणून चिंच तोडली, पार उखडला, चौकात हत्ती बांधायला खुंट ठोकले. आता चौकात जावं असं काही उरलं नव्हतं, पण चौकाकडे निघालेले हत्ती मात्र वाढतच होते.

भिवजी उंदरानंही बायकोशी भांडून हत्ती घेतला होता.

एका सकाळी निरोप आला. चौकापलीकडे दिलेली त्याची लेक मैना अडली होती. पहिलंच पिल्लू आडवं आलं होतं. भिवजीनं तानूबाई सुईणीला हत्तीवर चढवलं आणि निघाला. चौकाच्या तोंडाशी हत्ती थांबला. पुढे हत्ती, मागे हत्ती, दोन्ही बाजूंना हत्ती.

"का रे थांबलास?" तानूबाईनं विचारलं.

"पुढचा हलला की हलतो, मावशी."

"आणि तो कधी हलणार?"

"त्याच्या पुढचा हलला की."

"मग मैनेला सांगावा धाड, म्हणावं तोवर कळा थोपवून धर!" तानूबाईनं पदर खोचला. "सरक, मी चालले."

"पायी? अहो, तिच्या सासरचे काय म्हणतील? माझी अब्रू..."

"तुझी अब्रू घेऊन बस इथंच, भिवज्या." आणि म्हातारीनं पुढच्या हत्तीच्या पाठीवर उडी टाकली.

मैनेचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि भिवजीनंही मागोमाग उडी टाकली. हत्ती इतके चिकटून उभे होते की पाठींमध्ये बोट शिरायला जागा नव्हती.

"ए, माझी झूल मळवतोस!" एक मालक खेकसला.

"तुझी झूल हलते तरी का? मग मळू दे!" तानूबाई मागं न बघता ओरडली.

ती पोचली, पिल्लू फिरवलं, आणि उंदरांत होतात तशी मैनेला पसाभर पिल्लं झाली. लेकही वाचली. भिवजी कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडला.

हे बघून सगळेच पाठींवरून चालू लागले. खालचे हत्ती काही हलत नव्हतेच. झुली आयत्या अंथरलेल्या. कुणी त्यांवर भाजी मांडली. एका रुंद पाठीवर म्हाताऱ्यांनी बैठक धरली आणि सुना जिथं सोडल्या होत्या तिथून पुढे घेतल्या. गोमही कुठून तरी परत आली आणि पाठींवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागली. भिवजी रोज तिच्यावर बसून नातवंडं बघायला जाई. "असलं सुख बापजन्मात पाहिलं नाही," असं भेटेल त्याला ऐकवी. खाली उतरून हत्तीला चारा मात्र रोज टाकावा लागे. हत्ती स्वतःचा होता ना!

बारशाचा दिवस उजाडला. सकाळी चौकाच्या कडेला एकदम गलका झाला. गोम जागच्या जागी थबकली. भाजीवालीनं टोपली उचलली, म्हातारे शिव्या देत उठले. कडेला खालून वरपर्यंत जाड फळ्या तिरक्या लावल्या होत्या. नवा फेटा बांधलेला भिवजी घामाघूम होऊन, मागून खांदा लावून, एक नवाकोरा हत्ती वर ढकलत होता.

"बाजूला व्हा!" तो ओरडत होता. "मुलीचा बाप बारशाला निघालाय, चालत जाऊ काय?"

त्याच्यामागे फळ्यांच्या तोंडाशी आणखी एक हत्ती उभा होता, आणि त्याच्यामागे आणखी एक.