पास वसूल

“...तर मग पास काढू की सुटी तिकिटं? तुम्ही म्हणाल ते, बुवा.”

रंगनाथबुवांनी नुसतं वर पानांकडे पाहिलं. मठामागच्या आंब्याला टेकून ते बसले होते. समोर बादलीभर पाण्यात रायवळ आंबे तरंगत होते.

दत्तारामभाऊंना वाटलं, बुवांना नीट कळलं नसावं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“स्वित्झर्लंडला चाललोय, बुवा. मी आणि ही. पंधरा दिवस. आता तिथल्या रेल्वेची सुटी तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडतात. पण ठरलेली गाडी, ठरलेली वेळ. ती चुकली की तिकिटाची रद्दी. पास महाग. पण एकदा काढला की पंधरा दिवस कुठेही चढा, कुठेही उतरा.”

“मग अडचण काय?”

“पास काढला तर तो वसूल व्हायला नको?”

दत्तारामभाऊंनी पिशवीतून वही काढली. एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या होत्या. कोकणातली एकही गाडी आपल्या हातून मिनिटभर उशिरा सुटली नाही, असं ते सांगत. ते खरं नव्हतं, पण सांगताना त्यांची छाती खरोखर फुगायची.

“पंधरा दिवसांत एक्केचाळीस गाड्या बसवल्यात. जेवण गाडीत, झोपसुद्धा जमेल तेवढी गाडीतच. एक डोंगर सुटत नाही.”

शेजारी बसलेल्या शालनताई वहीकडे बघेनात. सकाळीच ती वही वाचून त्यांनी मिटली होती आणि म्हटलं होतं, “तुम्ही एकटेच जा हो. मी नाही येत.” बुवांनी एकदा ‘पास काढ’ म्हटलं की ही मुकाट्याने येईल, या आशेवर ते तिला इथे घेऊन आले होते.

“आंबे खा,” बुवा म्हणाले.

मठाची रीत जुनी होती. वैशाखात जो येईल त्याने झाडाखाली बसून हवे तेवढे आंबे खायचे. घरी न्यायला मात्र एकही मिळायचा नाही, मग तो पाटील असो की पुजारी.

घरी न्यायचे नाहीत म्हटल्यावर दत्तारामभाऊंनी बाह्या सरसावल्या. एक पिळला, चोखला, कोय बाजूला ठेवली, दुसरा उचलला. रस कोपरापर्यंत ओघळला. बोलणं चालूच होतं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, मध्ये चार मिनिटं मिळतात, पळालं तर तीनच पुरतात...

“कितवा?” बुवांनी विचारलं.

“नववा!” दत्तारामभाऊ म्हणाले. कोयी ओळीने मांडलेल्या होत्या. हिशेब चोख.

“पाचवा कसा होता?”



दत्तारामभाऊंनी ओळीकडे पाहिलं. पाचवी कोय जागेवर होती. तिच्याकडे बघून काहीच आठवेना.

“गोडच असणार,” ते म्हणाले.

बुवा शालनताईंकडे वळले. “तुझा गं?”

शालनताईंच्या हातात अजून पहिलाच आंबा होता.

“आधी आंबट लागला, बुवा. म्हटलं, टाकावा. मग म्हटलं, बघू तरी. तर कोयीजवळ असा गोड निघाला...” त्या हसल्या. “अजून आहे थोडा.”

वर पानांत एक खार चिरचिरत होती.

दत्तारामभाऊंनी दहावा आंबा परत बादलीत सोडला. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुला काय बघायचंय गं तिथे?”

प्रश्न विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रवासाची आखणी सुरू केल्यापासूनच्या तीन महिन्यांत तो पहिल्यांदाच विचारला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“एक तळं,” शालनताई म्हणाल्या.

“आणि?”

“तळ्याकाठी बाकडं. तुम्ही शेजारी बसायचं. समोरून गाडी आली तरी उठायचं नाही. घड्याळ बघायचं नाही.”

“मग?”

“मग ती जाईल.”

“आणि दुसरी आली तर?”

“तीही जाईल की! तुम्ही आयुष्यभर गाड्याच सोडल्यात, पण एक तरी निवांत जाताना बघितलीय का?”

दत्तारामभाऊ हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हलकं हलकं वाटलं.

“असं बसलो तर येशील?”

“न यायला काय झालंय!”

त्यांनी वही उघडली आणि एक्केचाळीस गाड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली. एवढी मोठी हाव आपण एका फटक्यात सोडली, हे बुवांनी पाहिलंय ना, म्हणून त्यांनी हळूच डोळे वर केले.

“ठरलं, बुवा. पास नकोच. मोजकी चार सुटी तिकिटं काढतो.”

“पास काढ,” बुवा म्हणाले.

दत्तारामभाऊ चक्रावले. “आता? आता तर आम्हाला नुसतं बसायचंय!”

“म्हणूनच. दारात आलेली गाडी जाऊ द्यायची, तर खिशात पास हवा.”