ओढ्याकाठचं दूध

डोंगराच्या पायथ्याला, जिथं गवत माणसाच्या कमरेला लागायचं, तिथं फार पूर्वी एक गाव होतं. गावात घरोघरी म्हशी होत्या. सकाळी धारा काढून झाल्या की प्रत्येक घरातून दुधाची चरवी निघायची, वेशीपाशी उभ्या असलेल्या बैलगाडीत चढायची आणि शहरातल्या शेठच्या भट्टीवर जायची. भट्टीवर मोठमोठ्या कढया होत्या. त्यांत दूध आटायचं, त्याचा खवा व्हायचा आणि तो खवा मुलूखभर विकला जायचा. आसपास दूध घेणारा दुसरा कोणी नव्हता. शेठ देईल तोच भाव.

एके दिवशी शेठ स्वतः टांग्यातून गावात आला. वेशीवर सगळ्यांना बोलावून त्यानं सांगितलं, "आजपासून दुधाचा भाव कमी. तुमच्या गावाच्या दुधात पाणी येतंय."

लोक एकदम ओरडले, "कोणाच्या?"

"ते मला काय ठाऊक? तुमचं गाव, तुम्ही शोधा," असं म्हणून शेठ पाणी प्यायच्या निमित्तानं एकेकाच्या ओसरीवर जाऊन आला.

त्याच गावात कोंडाजी नावाचा एक शेतकरी राहायचा. त्याच्याकडे गावात सगळ्यात जास्त म्हशी होत्या, आणि शब्दालाही मान होता. लोक त्याला अण्णा म्हणायचे. शेठ त्याच्याही ओसरीवर टेकला आणि हळूच म्हणाला, "कोंडाजीराव, तुमचं दूध चोख आहे. पण तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे तुम्हीही भरडले जाताय. पाणी घालणाऱ्याचं नाव सांगा, तुमचा भाव पूर्वीचा करतो. ही गोष्ट तुमच्यामाझ्यात."

कोंडाजीला नाव माहीत नव्हतं. त्यानं कोणाला पाणी घालताना पाहिलंही नव्हतं. पण शेठ गेला आणि त्या दिवसापासून कोंडाजीची नजर बदलली.

त्याचीच नाही, गावाची बदलली. पहाटे धारा काढताना पूर्वी गोठ्यांची दारं सताड उघडी असायची, ती आता लोटलेली दिसू लागली. कोणी विहिरीवरून भरलेली घागर घेऊन गोठ्याकडे वळलं की चार डोळे तिच्यामागून जायचे. घागर म्हशीला पाजायला नेली असली तरी. एका घरची सासू दुसऱ्या घरच्या चरवीत बोट बुडवून चाटायची आणि काही न बोलता निघून जायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

गावाच्या टोकाला, ओढ्याला लागून सारजाचं घर होतं. सारजा आणि तिचा नवरा रायबा दुसऱ्या मुलखातून येऊन इथं राहिले होते. रायबा दिवसभर म्हशी घेऊन डोंगरात असायचा. घरचं सगळं सारजा बघायची. हसून बोलणारी, पण कामापुरतं बोलणारी बाई.

कोंडाजी मनात म्हणाला, "घर ओढ्याला लागून. पाणी हाताशी. नवरा घरात नाही. आणि मुळात या लोकांचं गाव कुठलं, कोणाला ठाऊक?"

जितका तो विचार करी, तितकं त्याला ते खरं वाटू लागलं. आठवडा सरायच्या आत त्याला ते पाहिल्यासारखं आठवू लागलं.

त्याची बायको चिमाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, पण तुम्ही पाहिलंत का तिला पाणी घालताना?"

"पाहिलं नाही. पण आणखी कोण घालणार?"

"मग नाव घेऊ नका."

कोंडाजीनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या गाडीबरोबर शहरात गेला आणि भट्टीच्या मागच्या दारानं आत जाऊन शेठच्या कानात सारजाचं नाव सांगून आला.

पुढच्या सकाळी गाडीवानानं सारजाची चरवी गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवली. "शेठचा हुकूम आहे. तुझं दूध घ्यायचं नाही."

"का?" सारजानं विचारलं.

गाडीवान पुढची चरवी उचलायला वळला. ती सगळ्यांकडे बघू लागली. सगळे आपापल्या चरव्यांकडे बघू लागले. कोंडाजी बैलाच्या गळ्यातला पट्टा नीट करू लागला. बैल त्याचा नव्हता. सारजानं चरवी उचलली आणि ती घरी निघून गेली.

कोंडाजीला पूर्वीचा भाव मिळाला. पण थोडेच दिवस. मग शेठनं निरोप धाडला, "अजून पाणी येतंच आहे. भाव आणखी उतरवला." या वेळी कोंडाजीचाही उतरला. शिवाय त्याला मधे चांगला भाव मिळाला होता हे गावाला कळलं होतं, त्यामुळे आता लोक त्याच्याच गोठ्याकडे वाकून बघू लागले. तो चावडीवर आला की बोलणं थांबायचं.

एका सकाळी धार काढताना कोंडाजीला वाटलं, "सगळेच घालत असतील. मी एकटाच वेडा का राहू?" शेजारी तांब्या भरलेला होता. त्यानं तो चरवीत ओतला. दूध पांढरंच राहिलं. कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा ओतला. चिमाबाईनं ते पाहिलं आणि ती तोंड फिरवून आत गेली.

इकडे सारजाच्या घरून रोज दुपारी धूर निघू लागला. गावात कुजबुज सुरू झाली. दूध कोणी घेत नाही, मग ही करते काय? दर बाजाराच्या दिवशी रायबा डोक्यावर पाटी घेऊन डोंगरापलीकडच्या पेठेला जातो, ते काय नेतो? कोणी म्हणालं, ती दुधात पीठ कालवून काहीतरी बनवते. कोणी म्हणालं, शेठनंच तिला गुपचूप काम दिलंय.

कोंडाजीला राहवेना. एका दुपारी तो ओढ्याकाठच्या बाभळीआड जाऊन उभा राहिला. अंगणात चूल पेटलेली होती. चुलीवर कढई, कढईत दूध, आणि सारजा उलथण्यानं ते सारखं ढवळत होती. ती काय मिसळते हे बघायला कोंडाजीनं मान पुढे केली.

"अण्णा," मागे न बघताच सारजा म्हणाली, "बाभळीला काटे असतात. पुढं येऊन बसा. जे बघायचंय ते समोर बसून बघा."

कोंडाजी खजील झाला, पण पळूनही जाता येईना. तो येऊन चुलीजवळ बसला. सारजानं उलथणं त्याच्या हातात दिलं. "धरा. थांबलात तर करपेल."

तो ढवळत राहिला. दूध आटत गेलं, घट्ट झालं, कडा सोडू लागलं आणि बघता बघता कढईत लोण्याच्या रंगाचा खव्याचा गोळा झाला. सारजानं त्यात काही मिसळलं नव्हतं. दुधात पाणी असतं तर इतका खवा पडलाच नसता, हे म्हशीवाल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"हे तू विकतेस?" त्यानं विचारलं.

"दूध नासून जाऊ देऊ का? डोंगरापलीकडे पेठेत लोक घेतात. खरं सांगू अण्णा, तिथं खव्याचा भाव चढलाय. शेठचाच खवा तिथं येतो, तोही चढ्या भावानं. मग आपल्या दुधाचा भाव कसा उतरला?"

कोंडाजीच्या हातातलं उलथणं थांबलं.

"तुम्हाला शेठनं काय सांगितलं होतं?" सारजानं सरळ विचारलं. "मला म्हणाला होता, तुझं दूध चोख आहे, कोंडाजीवर नजर ठेव."

जे वाक्य आपल्याच ओसरीवर आपल्याच कानात सांगितलं, असं कोंडाजी समजत होता, ते वाक्य ओढ्याकाठीही सांगितलं गेलं होतं.

"मग तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"मी काही पाहिलं नव्हतं," सारजा म्हणाली.

कढई उतरवून ती पुढं म्हणाली, "उद्या सगळ्यांना चावडीवर बोलवा. प्रत्येकानं आपापलं दूध आणायचं, सगळ्यांसमोर आटवायचं. कोणाच्या दुधात पाणी आहे ते कढईच सांगेल. माझ्यावरचा आळ तरी जाईल."

कोंडाजी घरी आला तो जड पावलांनी. त्यानं गावात निरोप दिला आणि चिमाबाईला सगळं सांगितलं.

चिमाबाई म्हणाली, "उद्या निर्भेळ दूध न्या. तुमची अब्रू राहील. कोणाला काय कळणार?"

कोंडाजी म्हशींना वैरण टाकून आला. मग म्हणाला, "उद्या सगळेच निर्भेळ आणतील. मग पाणी घातलं कोणी, हा प्रश्न उरेलच. आणि लोक पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवतील."

सकाळी चावडीपुढं चुली मांडल्या गेल्या. लोक आले, पण एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहिले. "यात सारजाचा काही डाव असेल," असं कोणी तरी पुटपुटलंच. सारजाच्या कढईत चांगला घट्ट खवा पडला. मग कोंडाजीनं आपली चरवी कढईत ओतली.

तो ढवळत राहिला. लाकडं संपली, दुसरी घातली. शेजारच्या चुली विझल्या तरी त्याची कढई वाफाच सोडत होती. शेवटी तळाशी खवा जमला तो मूठभर.

लोकांत कुजबुज वाढली. कोंडाजी उठून उभा राहिला.

"मी पाणी घातलं. आजही घातलं, तुम्हाला दिसावं म्हणून. भाव उतरला तेव्हा घालत नव्हतो. सगळे घालतात असं वाटलं, म्हणून घालायला लागलो. आणि सारजाचं नाव शेठला मीच सांगितलं. मी काहीही पाहिलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "माझ्या चरवीत आज पाणी नाही. काल होतं." मग आणखी एक बाई बोलली. मग तिचा दीर. एकेकानं सांगताना हेही बाहेर आलं की शेठ प्रत्येकाला एकच गोष्ट सांगून गेला होता: तुमचं दूध चोख, शेजाऱ्यावर नजर ठेवा. शेठ बोलला तेव्हा गावात पाणी घालणारा कोणी नव्हता. त्याच्या बोलण्यानंतर निम्मं गाव घालू लागलं होतं.

त्या दिवशी दुधाची गाडी रिकामी उभी राहिली. शेठला दूध न देता घरोघरी खवा करून डोंगरापलीकडच्या पेठेत विकायचं ठरलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. विकण्याजोगा खवा करणं सारजाला येत होतं, बाकीच्यांना नाही. कोणाचा करपला, कोणाचा चिकट झाला. पेठेतल्या लोकांनी नाक मुरडलं. काहीजण म्हणाले, "शेठ बरा होता." जो तो आपल्या शेजाऱ्याकडे बघायचा, की हा गुपचूप शहरात दूध तर धाडत नाही ना. पण सारजा एकेकीच्या चुलीशी बसून शिकवत राहिली, आणि धारा काढताना गोठ्यांची दारं पुन्हा उघडी ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं. हळूहळू खवा जमू लागला.

लग्नसराई तोंडावर आली. शेठच्या भट्टीवर कढया थंड पडल्या होत्या. अखेर त्याचा टांगा गावात आला. तो नेहमीसारखा कोंडाजीच्या ओसरीवर टेकला, इकडंतिकडं बघितलं आणि पुढं वाकून म्हणाला, "कोंडाजीराव, तुमच्या एकट्यापुरतं सांगतो..."

"शेठ," कोंडाजी म्हणाला, "मोठ्यानं बोला. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

शेजारच्या ओसऱ्यांवर माणसं उभी होती. समोरच्या दारात चिमाबाईच्या बरोबरीनं बायका उभ्या होत्या. शेठनं घसा खाकरला. पण जे सांगायला तो आला होता, ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली आणि तो गुमान चावडीवर जाऊन बसला. भाव तिथं सगळ्यांसमोर ठरला. उतरलेल्या भावापेक्षा वर, मूळ भावापेक्षा थोडा कमीच, पण सगळ्यांना सारखा, आणि दुधाचा कस दोन्हीकडच्या माणसांसमोर पाहायचा या अटीवर. ज्यांना दूध द्यायचं होतं त्यांनी दिलं. सारजानं मात्र शेठला दूध घातलं नाही. ती खवाच करत राहिली, आणि आणखी काही घरंही तिच्याबरोबर राहिली.

एकदा कोंडाजी ओढ्याकाठी तिच्या अंगणात गेला. सारजानं त्याला बसायला घोंगडी टाकली, ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "सारजा, तुझा राग गेला का?"

सारजानं जरा विचार केला. "राग गेला, अण्णा. खोटं कशाला बोलू. पण तुमची पावलं वाजली की दुधावर झाकण ठेवायला हात अजून आपोआप पुढं जातो."

कोंडाजीनं मान हलवली. तो उठला आणि घरी गेला. मात्र त्या दिवसानंतर ओढ्याकडे जायचं असलं की तो लांबूनच हाक द्यायचा, "सारजा, मी कोंडाजी, येतोय गं!" आणि तिनं "या" म्हटल्याशिवाय तो अंगणात पाऊल टाकायचा नाही. त्याचे केस दुधासारखे पांढरे झाले, तरी त्यानं ही सवय सोडली नाही.

तात्पर्य: जी गोष्ट कोणी चारचौघांत मोठ्यानं बोलू शकत नाही, ती कानात ऐकून शेजाऱ्यावर संशय घेऊ नये. दुधाचा उतरलेला भाव एखाद्या मोसमात चढतो, मनातून उतरलेल्या माणसाला मात्र वर चढायला जन्म जातो.